आडनावाचे मूळ घरच्या घरी काढा : नवशिक्यांसाठी, कोपरी आवृत्ती

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याला आपल्या आडनावाचा इतिहास अजून ठाऊक नाही तो. ज्यांना तो ठाऊक आहे, म्हणजे ज्यांच्या काकांनी तो त्यांना लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या दुसऱ्या वाटीनंतर सांगितलेला आहे, त्यांनी पुढचे वाचून उगाच मनस्ताप करून घेऊ नये.

लागणारे साहित्य : एक आडनाव (स्वतःचे असल्यास उत्तम), आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, बोलायला तयार असलेली एखादी म्हातारी आणि ठाणे पूर्वेला, म्हणजे कोपरीत, उतरायची तयारी. कोपरीच का, असे विचाराल. तर आडनावांचे जेवढे म्हणून प्रकार जगात आहेत, ते बहुतेक सगळे इथे पायी फिरून, रिक्षाचे पैसे वाचवून पाहता येतात. चेंदणी कोळीवाड्यात होडीवरच्या हुद्द्यांची आडनावे आहेत. आगरी-कोळी गावठाणात गावकारभाराची आहेत. कोपरी कॉलनीत फाळणीनंतर येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांच्या दारांवर 'आणी'ने संपणाऱ्या पाट्या आहेत. आणि नव्या इमारतींच्या तळमजल्यावर, लिफ्टशेजारी जो रहिवाशांच्या नावांचा बोर्ड असतो, त्यावर कोकण, घाट, खानदेश आणि विदर्भ एकाखाली एक मेंटेनन्स भरत असतात.

आधी निकाल ठरवून घ्या

इतर शास्त्रांत पुरावा आधी आणि निष्कर्ष नंतर येतो. आडनावाच्या शास्त्रात उलट चालते. आपले घराणे कोणत्या गडावरून निघाले हे आधी ठरवावे आणि मग त्या गडापासून कोपरी पुलापर्यंतचा रस्ता आखावा. मूळ पुरुष नेहमी घोड्यावर बसून येतो. तो पडावातून, बैलगाडीतून किंवा दुष्काळात पोटासाठी पायी आला, असे कुठल्याही घरात सांगत नाहीत. त्याच्यासोबत दोन भाऊ असतात. एक इकडे राहतो, एक घाटावर जातो आणि तिसऱ्याचे पुढे काय झाले ते कळत नाही. (तिसऱ्याचे वंशज हल्ली व्हॉट्सअॅपवर भेटतात आणि तलवार आमच्याकडे आहे म्हणतात.)

हा आपलाच गुण आहे असे समजून खजील होऊ नका. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. आज तिथल्या हौशी वंशशोधकाला विचाराल तर त्याचा पूर्वज विल्यमच्याच गलबतात होता. एवढी माणसे त्या गलबतांत मावली कशी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिकडच्या पर्यटनस्थळी दुकानात जाऊन आडनाव सांगितले की त्या 'घराण्याचे' राजचिन्ह छापलेला कप मिळतो. वास्तविक त्यांच्या कायद्याने असे चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळते, आडनावाला मिळत नाही. ते देणारी कचेरी लंडनमध्ये १४८४ पासून आहे आणि ती हे सांगून थकली आहे. आपल्याकडे कपाऐवजी फ्रेम मिळते : वर आडनाव, मध्ये गोत्र, देवक आणि कुलदैवत, खाली आडव्या दोन तलवारी. हॉलमध्ये शोभते. ती घेतलीच असेल तर मात्र पुढे वाचू नका. भिंतीला एकदा पडलेले भोक बुजवणे कठीण असते.

'कर'वाल्यांनी घ्यायची काळजी

तुमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' असेल तर काम सोपे आहे असे तुम्हाला वाटेल. गावाचे नाव, पुढे कर, झाले. इथेच नवशिके पाय घसरून पडतात.

पहिला नियम असा की, गाव सोडल्याशिवाय 'कर' सहसा लागत नाही. चिपळुणात सगळेच चिपळूणचे. तिथे एकाला चिपळूणकर म्हणून हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघेल. माणूस पुण्याला किंवा कल्याणला जातो, तिथले लोक 'कुठले तुम्ही?' म्हणून विचारतात आणि उत्तर त्याला कायमचे चिकटते. तेव्हा 'आमच्या आडनावाचे अख्खे गाव आहे' असे छाती काढून सांगताना एवढे लक्षात असू द्यावे, की आडनावावरून गाव तुमचे होते हे सिद्ध होत नाही. ते सुटले, एवढे मात्र होते.

दुसरा नियम नकाशाचा. समजा तुमचे आडनाव कोपरकर आहे. तुम्ही उत्साहाने कोपरीला आलात. थांबा. डोंबिवली आणि दिव्याच्या मध्ये कोपर हे स्टेशन आहे. वाशीला लागून दुसरी कोपरी आहे. तिच्या पलीकडे कोपरखैरणे आहे. विरारच्या पूर्वेला आणखी एक कोपरी आहे, आणि हे कमी पडले तर गोदावरीकाठचे कोपरगाव आहेच. यांपैकी तुमचे कोणते ते गुगल मॅप सांगणार नाही. ते कुलदैवत सांगते, जमिनीचा जुना कागद सांगतो, कधी एखादी आत्या सांगते. शिवाय कोपरी नावाची बंडीसारखी अंगात घालायची गोष्ट आपल्या आज्यापणज्यांच्या वापरात होती. तेव्हा पूर्वज शिंपी होते अशी आणखी एक शाखा काढण्याचा मोह होईल. तो आवरा.

तिसरा नियम असा की, 'कर' कधीकधी मुद्दाम घेतलेला असतो. मंगेशकर हे आडनाव मास्टर दीनानाथांनी स्वतः, आपल्या मंगेशी गावावरून घेतले. एका माणसाची निवड, आणि पुढच्या पिढीत ते नाव साऱ्या देशाला पाठ झाले. अशा ठिकाणी हजार वर्षांचा उगम शोधत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

सरावासाठी आता साहेबाची आडनावे घेऊ. परक्याच्या आडनावावर हात बसला की स्वतःच्या आडनावाकडे थंड डोक्याने बघता येते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. तो मार्ग ज्याच्या देखरेखीखाली झाला तो मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली. कोपरीला 'पूर्व' करून ठेवली ती याच रुळांनी. त्याआधी ती नुसतीच कोपरी होती. बर्कली हे मुळात इंग्लंडमधल्या एका गावाचे नाव, अर्थ भूर्जवृक्षांचे रान. म्हणजे बर्कली साहेब हे तिकडचे 'कर'. मराठीचा मोठा कोश १८३१ मध्ये करणारे जेम्स मोल्सवर्थ घ्या. हंटिंग्डन भागात मोल्सवर्थ नावाचे खेडे आहे. मुल नावाच्या कुणाचे तरी कुंपण घातलेले आवार, असा त्याचा अर्थ. आपले शब्द वर्णक्रमाने लावून देणारा माणूस स्वतः कुठल्याशा वाडीकरांपैकी होता.

सगळ्यात गमतीचा प्रवास एल्फिन्स्टन या नावाचा. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या पूर्वेला त्या नावाची जागा आहे. तिच्यावरून घराण्याला आडनाव मिळाले. त्या घराण्यातले लॉर्ड एल्फिन्स्टन १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्यावरून स्टेशनला नाव मिळाले, आणि २०१८ मध्ये त्या स्टेशनचे प्रभादेवी झाले. गावाचे आडनाव, आडनावाचे पुन्हा गाव, आणि शेवटी देवीने जागा परत घेतली. (करी रोडचा आणि आमटी-रश्श्याचा मात्र काही संबंध नाही, तेही रेल्वेतल्या एका साहेबाचे आडनाव.)

हुद्द्याचे आडनाव असल्यास

हुद्दा जातो, आडनाव राहते, आणि माणसे हुद्दा अजून चालू असल्यासारखी वागतात.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही गावाच्या आणि परगण्याच्या वसुलीतली कामे. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. पण कोपरीतल्या एखाद्या हळदीला डीजेवर नाव पुकारताना हे कायदे कुणी वाचून दाखवत नाही, आणि दाखवूही नयेत. ठाणे जिल्ह्यात घरोघरी दिसणारे म्हात्रे आणि मढवी हीसुद्धा गावकारभारातल्या मानकऱ्यांचीच नावे. नाखवा म्हणजे गलबताचा मालक-कप्तान. हा फारसी नाखुदा, अरबी समुद्रावरून येऊन ठाण्याच्या खाडीत नांगर टाकलेला. तांडेल हा खलाशांचा म्होरक्या. खाडीकाठाने मीठबंदरापर्यंत चालत जा. आगरी हे नावही ज्या आगरांवरून पडले ती मिठाची आगरे याच पट्ट्यातली.

मग 'नीस' मंडळी. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस. शेवटचा 'नीस' फारसीतला, लिहिणारा या अर्थाचा. शिवाजी महाराजांनी दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. शब्द बदलले, पण नीस मंडळींनी आडनावे सोडली नाहीत. आज 'आमच्या भाषेत परके शब्द नकोत' असे पत्र वर्तमानपत्राला लिहून खाली 'फडणीस' अशी सही करता येते. नाना फडणवीसांचे घराणे भानूंचे, पण बाळाजी जनार्दन भानू म्हटले तर शाळेतली मुले हा कोण म्हणून विचारतील. पेशवे हाही हुद्दाच. आडनाव भट.

इथे राजघराण्याचा हट्ट धरणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. स्कॉटलंड आणि मग इंग्लंडच्या गादीवर बसलेले स्ट्युअर्ट घराणे आडनावाने कारभारी होते. राजाच्या वाड्याची व्यवस्था पाहणारा तो स्टुअर्ड. हुद्दा वंशपरंपरेने चालला, पुढे लग्नसंबंधातून गादी मिळाली आणि आडनाव तेच राहिले. तेव्हा कारभारी आडनावाच्या वाचकांनी धीर सोडू नये.

धंद्याच्या आडनावांबद्दल फार लिहीत नाही. जोतीरावांचे घराणे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला आणि फुले झाले. इंग्रजांचा स्मिथ म्हणजे लोहार, आणि ते तिथले सगळ्यात सामान्य आडनाव आहे. लोहाराला पुष्कळ मुलगे होते एवढाच यातून निष्कर्ष निघतो.

चेष्टेचे आडनाव असल्यास

वाकडे, टकले, बोबडे, बहिरे, लंगडे. यांना काय करावे?

काही करू नये. उलट हेच सगळ्यात प्रामाणिक आडनाव. गडकिल्ल्याची खोटी कथा रचता येते. पूर्वजाला टक्कल होते अशी खोटी कथा कोण कशाला रचेल? तरीही शरम वाटत असेल तर ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटिअर मागवा. त्यात आपली गावे, जाती, मिठागरे, देवळे, पिके, सगळे काही आहे. संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल. गेलिक भाषेत कॅम्पबेल म्हणजे वाकड्या तोंडाचा. मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा मुलगा, आणि मठाधिपतीला मुलगा कसा, हे विचारायचे धाडस आपण करू नये. कोपरीतल्या प्रत्येक जातीच्या चालीरीती नोंदवून घेणाऱ्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर एक वाकडतोंडे बसले आहेत, आणि त्यांना 'सर' ही पदवीही मिळाली.

बापाचे नाव : सिंधी, फिरंगी आणि इंग्रज

आता कॉलनीत या. गिडवाणी म्हणजे दिवाण गिडुमलचे वंशज. 'आणी' म्हणजे अमक्याच्या कुळातले. कॉलनीतल्या दुकानाच्या पाटीवर हे वाचून झाले की पश्चिमेला जाऊन मासुंदा तलावाजवळच्या चर्चकडे बघा. वसईवर पोर्तुगीज अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत होता. ठाणे त्याआधी, १७३७ मध्ये मराठ्यांकडे आले. त्या दोनशे वर्षांत इथल्या ख्रिस्ती झालेल्या घरांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. हा फर्नांडो कोण, तो वसईच्या किल्ल्यात कधी आला होता का, याच्याशी घराचा काही रक्तसंबंध असण्याचे कारण नाही. परेरा म्हणजे तर नुसते नाशपातीचे झाड. बाप्तिस्म्याच्या वेळी जे नाव मिळाले ते पुढच्या चारशे वर्षांचे झाले. म्हणून आडनावावरून रक्त ओळखण्याचा ज्यांना नाद आहे त्यांनी रविवारी सकाळी या चर्चबाहेर उभे राहून अस्सल मराठीत चाललेल्या गप्पा ऐकाव्यात.

इंग्रजाचा जॉन्सन हा जॉनचा सन, म्हणजे तोच प्रकार. गंमत अशी की, इंग्लंडमध्ये साधारण १४०० पर्यंत बहुतेक घरांत आडनाव पिढीजात झाले. त्याआधी बाप जॉन, मुलगा जॉन्सन, नातू पुन्हा वेगळाच. १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा-लग्न-दफन लिहायची सक्ती झाली आणि नावे कागदावर गोठली. इतर देशांत तर सरकारने एका हुकमात काम उरकले. फिलिपीन्सच्या गव्हर्नरने १८४९ मध्ये आडनावांची छापील यादीच काढली आणि गावोगाव वाटली. तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने प्रत्येकाला आडनाव घ्यावे लागले. मुस्तफा कमाल अतातुर्क झाले ते तेव्हा. घोडेस्वार मूळ पुरुष शोधणाऱ्यांनी एखादा फाइल घेतलेला कारकूनही शोधावा. त्याची भेट व्हायची शक्यता जास्त.

आता कागद काढा

इथवर गप्पा झाल्या. आता खरे काम.

आजोबांच्या दाखल्यापासून सुरुवात करा. त्यावरची जन्मतारीख १ जून असेल तर दचकू नका. निम्म्या महाराष्ट्राची तीच आहे. प्रवेशाच्या दिवशी ज्या मास्तरांनी तारीख ठरवली, त्यांनीच पुष्कळदा आडनावही ठरवले. बापाने गाव सांगितले तर कर, काम सांगितले तर काम, काहीच सुचले नाही तर जात. शाळेच्या जनरल रजिस्टरला क्षुल्लक समजू नका. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नोंद झाली ती भिवा रामजी आंबेडकर. त्या रजिस्टरातली ती एक ओळ आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

त्याच्या मागे गेलात की तहसील कचेरी. जुने फेरफार, जन्ममृत्यूची कोतवाल बुके. लिपी मोडी. मोडी वाचणारा माणूस लागेल. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाल्यावर या माणसांना अचानक मागणी आली, तेव्हा चहा पाजून काम होईल या भ्रमात राहू नका. आणि तो वाचून दाखवील तेव्हा नीट ऐका. 'राघो बिन सोमा.' 'विठू वल्द धोंडू.' पुढे जात, गाव, कधी शेताचे नाव. आडनाव?

नाही. बहुतेक वेळा ते तिथे नसतेच.

कारकून ते लिहायला विसरला, असे काका म्हणतील. तो विसरला नव्हता. त्याला राघो कुणाचा आणि त्याच्याकडून किती यायचे, एवढेच हवे होते. ज्या घरांकडे वतन, इनाम किंवा भांडण होते त्यांची आडनावे कागदात लवकर येतात, कारण हक्क सांगायला नाव लागते. बाकीच्यांची उशिरा येतात. तेव्हा तुमचे आडनाव जर अठराव्या शतकातल्या कागदात सापडले, तर पूर्वज शूर होता असे एकदम मानू नका. तो कज्जेदलाल असण्याची शक्यताही तेवढीच.

अडचण आल्यास

नवशिक्यांना नेहमी पडणारा प्रश्न : आडनावावरून दहा पिढ्या मागे गेलो, म्हणजे सगळे पूर्वज सापडले ना? हिशेब करून बघा. दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. दहाव्या पिढीला एक हजार चोवीस माणसे होतात. आडनाव त्यातल्या एकाकडून आले. बाकीच्या एक हजार तेवीस जणांना तुम्ही फ्रेमबाहेर काढलेत आणि त्यात सगळ्या बायका आहेत. माहेरचे आडनाव लग्नात गेले, पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही तांदळाच्या ताटात बदलले. छापील कुलवृत्तांतांतही वर्षानुवर्षे मुलगी म्हणजे 'अमुक यांस दिली' एवढी एक ओळ असे. १ मे २०२४ पासून राज्यात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहायचे आहे. शंभर वर्षांनी कोपरीत वंशावळ काढणाऱ्याला हे फार उपयोगी पडेल. तुम्हाला नाही. तुम्हाला आजीलाच विचारावे लागेल, तिच्या माहेरचे आणि तिच्या आईच्या माहेरचेही, आणि ते या आठवड्यात विचारलेले बरे.

सगळे करूनही आडनाव पसंत पडले नाही तर राजपत्रात जाहिरात देऊन बदलता येते. अर्ज ऑनलाइन होतो.

आणि एक विनंती. शोधाशोधीत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मोडीतला एखादा कागद सापडलाच, तर त्याला चिकटपट्टी लावू नका आणि स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट तर मुळीच करू नका. प्लास्टिक एकदा चिकटले की कागद पुन्हा सुटा होत नाही. मोबाइलवर फोटो काढा, कागद कोरड्या जागी सपाट ठेवा आणि मोडी वाचणाऱ्याला फोन करा.